वहिनींच्या हातचं मत

(दारात उभं राहून विचारायचे प्रश्न. वाद घालू नये. उत्तर आलं नाही तर पुढच्या प्रश्नाकडे जावं.)

नमस्कार. दोन मिनिटं वेळ आहे का?

दिगंबरकडे वेळच वेळ होता. सकाळी त्याची मुलगी वल्लरी न्यूयॉर्कची ट्रेन पकडायला पळायची, जावई सत्यजित गाडी काढायचा, नात शाळेच्या बसमध्ये चढता चढता "बाय, आजोबा" म्हणायची, आणि मग एडिसनमधल्या त्या घरात फ्रिजचा आवाज तेवढा उरायचा. इथे दार ठोठावून कुणी काही विचारायला येत नसे. कुणी आलंच तर खोकं ठेवून, बेल वाजवून निघून जाई.

इंग्लंडमध्ये, वेस्टमूरला, दारं ठोठावणारा तोच होता. तीसेक वर्षं. कोटाला लाल फीत, हातात पत्रकं, आणि जिभेवर हेच प्रश्न. वेस्टमूर म्हणजे मोजे-बनियनच्या कारखान्यांचं गाव. दिगंबर तिथल्या रंगखात्यात रसायनं बघायचा आणि संध्याकाळी मजूर पक्षाचं काम करायचा. बायको गेल्यावर, २००३ साली, वल्लरीनं त्याला अमेरिकेत आणलं. कपडे आले, बायकोचे फोटो आले, रक्तदाबाच्या गोळ्या आल्या. मत तिथेच राहिलं.

ब्रिटनचा नागरिक परदेशात राहायला गेला तरी काही वर्षं त्याचं मत जुन्या गावात शाबूत असतं. पोस्टानं पाठवायचं, किंवा गावातल्या कुणालातरी आपल्या वतीनं द्यायला नेमायचं. पोस्टाचा भरवसा नव्हता. म्हणून निघताना दिगंबरनं सुमित्रावहिनींना नेमलं होतं. त्याच्या नावाच्या मतपत्रिकेवर फुली वहिनी मारणार. तेव्हा यात विचार करण्यासारखं काही आहे असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

मागच्या वेळी मत कुणाला दिलं होतं?

मजूर पक्षाला.

त्याच्या मागच्या वेळी मजूर पक्षाला. त्याच्याही मागच्या वेळी, आणि पक्ष असा आपटला होता की वहिनींच्या जेवणाच्या टेबलाशी मोठमोठे पुरुष रडत बसले होते, त्याही वेळी मजूर पक्षाला.

असं का, हे कुणी विचारलं तर दिगंबर एकच गोष्ट सांगे. सत्तरच्या दशकात 'परत जा' म्हणणाऱ्यांचा मोर्चा त्यांच्या गल्लीतून निघाला होता. त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक देशी घराच्या पायरीवर पक्षाचा एकेक माणूस येऊन बसला. दिगंबरच्या पायरीवर बसलेला म्हातारा कारखान्यातला फिटर होता. त्यानं थर्मासमधला चहा प्यायला, फुटबॉलबद्दल बोलला, मोर्चा गेल्यावर टोपी घालून निघून गेला. दुसऱ्या आठवड्यात दिगंबर पक्षाचा सभासद झाला.

वहिनी म्हणजे त्र्यंबकची बायको. त्र्यंबक दिगंबरचा मित्र, तो लवकर गेला. मग त्याच्या जागी वहिनी शाखेच्या बैठकीला यायला लागल्या आणि बघता बघता चिटणीस झाल्या. कारखान्यात ओव्हरलॉक मशीन चालवणारी बाई, पण कुणाचं मत हललंय ते त्यांना चहाच्या कपावरून कळे. बैठकीत दोघं एकमेकांना सुमित्रा आणि दिगंबर म्हणत आणि इंग्रजीत कडाकडा भांडत. बैठक संपवून बसस्टॉपवर आले की पुन्हा वहिनी आणि भावजी. मराठीत ते एकमेकांना नाही म्हणत नसत. तशी कधी वेळच आली नव्हती.

आता दर रविवारी सकाळी वहिनींचा फोन येई. एडिसनमध्ये दिगंबरशी त्याच्या आयुष्याबद्दल बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. वल्लरी बोलायची, पण ती त्याच्या तब्येतीबद्दल.

या वेळी कुणाला देणार?

एप्रिल २००५, रविवार.

"भावजी, ऐकलंत ना? पाच मे."

"ऐकलं."

"माणसं नाहीत हो. मागच्या वेळी पत्रकं वाटायला रांग होती. या वेळी मी, शाळेतली ती निवृत्त बाई आणि एक विद्यार्थी. तो विद्यार्थी पत्रकं घेऊन जातो ते परत दिसतच नाही."

"वहिनी, मला या वेळी…"

"काय?"

"गुडघा कसा आहे तुमचा?"

त्याच्या पुढचा रविवार.

"वहिनी, एक बोलायचं होतं. मताचं."

"हो, तुमचं मतदानाचं कार्ड आलंय माझ्याकडे. फ्रिजवर लावलंय. काळजी करू नका."

"नाही, काळजी नाही."

बुधवारी त्यानं स्वतःहून फोन लावला. वहिनी पत्रकं वाटायला गेल्या होत्या. यंत्रावर त्यांचा इंग्रजी आवाज आला, मग टूं झालं. दिगंबर म्हणाला, "मी दिगंबर. असाच केला होता." आणि ठेवला.

पक्षाबद्दल काही नाराजी?

ओक ट्री रोडवर मिठाईच्या दुकानात मागच्या बाजूला दोन टेबलं आहेत. तिथे एक चहा घेऊन म्हातारे तासभर बसले तरी मालक काही म्हणत नाही. दिगंबरचा तिथला सोबती विष्णुपंत, नागपूरचा, वीज मंडळातून निवृत्त, मुलाकडे सहा महिने आणि नागपूरला सहा महिने.

"काय म्हणते तुमची राणी?" विष्णुपंतांनी नेहमीसारखं विचारलं.

"राणीला मत नसतं."

"तुम्हाला आहे ना? मग तोंड असं का केलंय? मला बघा. इकडे मत नाही, तिकडे निवडणूक आली की मी इकडे. बावीस वर्षं शाई लागली नाही बोटाला. कसं छान चाललंय."

दिगंबरनं सांगितलं. कुणालातरी सांगायचंच होतं.

मजूर पक्षाचंच सरकार इराकच्या युद्धात उतरणार होतं तेव्हा वेस्टमूरच्या शाखेनं युद्धाविरुद्ध ठराव केला होता. खासदार बैठकीला आले, चहा घेतला, "तुमच्या भावना मी वर पोचवीन," म्हणाले, आणि लंडनला जाऊन युद्धाच्या बाजूनं मत दिलं. फेब्रुवारीतल्या मोर्चाला दिगंबर बस पकडून लंडनला गेला होता. इतकी माणसं त्यानं जन्मात पाहिली नव्हती. पाय सुजेपर्यंत चालला. परत येताना बसमध्ये सगळे गप्प होते. काही होणार नाही हे बहुतेक तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं. वहिनी मोर्चाला आल्या नाहीत. चिटणीसच मोर्चात दिसली तर उरलेली शाखाही फुटेल, म्हणाल्या. त्या वर्षी निम्मी माणसं राजीनामा देऊन गेली.

"आणि तुम्ही?"

"बायको आजारी होती. मग ती गेली. मग मी इकडे आलो. बँकेचं खातं बंद केलं तशी वर्गणी बंद झाली. राजीनामा द्यायचा राहून गेला."

"म्हणजे त्यांच्या लेखी तुम्ही अजून आहात."

"हो."

विष्णुपंतांनी बशीतला चहा संपवला. "मग द्या की दुसऱ्याला. गुपचूप मत असतं ना तुमच्यात?"

"माझं नाही. माझं वहिनी देतात."

"अरे बापरे," विष्णुपंत म्हणाले. पहिल्यांदाच हसले नाहीत. "म्हणजे संप करायचा आणि निवेदन मालकाच्या बायकोकडून टाइप करून घ्यायचं."

"मालकाची बायको नाहीये ती."

"बरं, राहिलं. पण त्यांनाच पडलं तर काय फरक पडणार आहे एका मतानं?"

"काहीच नाही. तो खासदार निवडून येणारच आहे. पण आयुष्यात एकदा नाही म्हणायचंय मला. मेल्यावर त्यांच्या यादीत 'आपला माणूस' म्हणून राहायचं नाही. आणि रविवारचा फोन पण बंद व्हायला नको."

"दोन्ही मिळणार नाही," विष्णुपंत म्हणाले आणि समोशांची चौकशी करायला उठले.

या वेळी कुणाला देणार?

(हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा नसतो. लोक चिडतात.)

मतदानाच्या आधीचा रविवार. दुसऱ्या कुणाला नेमायची मुदत होऊन गेली होती. ती जाईपर्यंत दिगंबर थांबला होता, की तशीच गेली, हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं. आता हात होता तो वहिनींचाच.

"Sumitra," तो म्हणाला, "I want to talk about my vote."

पलीकडे भांडी वाजत होती ती थांबली.

"मराठीत सांगा, भावजी."

"मराठीत अवघड आहे."

"म्हणून तर."

बाहेर कुणाचंतरी गवत कापायचं यंत्र चालू होतं. दिगंबरनं खिडकी बंद केली.

"माझं मत मजूर पक्षाला द्यायचं नाही, वहिनी."

"मग घरी ठेवू कार्ड?"

"नाही. घरी ठेवलं तर म्हणतील म्हातारा विसरला. लिबरल डेमोक्रॅटला द्यायचं."

"पिवळ्यांना."

"युद्धाच्या विरोधात तेवढेच होते."

"त्यांना कधी राज्य करायचं नसतं. विरोधात असायला काय लागतं?" वहिनींचा आवाज चढला नाही. फक्त थकला. "माझ्या छातीवर लाल फीत असणार, भावजी. मी आत जाऊन माझ्या हातानं त्यांच्या खुणेतल्या पिवळ्या पाखरापुढे फुली मारायची. त्र्यंबक असते तर काय म्हणाले असते?"

"तो माझ्याबरोबर बसमध्ये असता."

हे बोलायला नको होतं. मग टोपणाचा खटका ऐकू आला. त्या विचार करताना पेनाचं टोपण काढघाल करत.

"देईन," त्या म्हणाल्या. "मत तुमचं आहे. मी फसवणार नाही, तेवढं ओळखता मला. पण मग माझंही एक ऐका. फोन तुम्ही करायचे."

निवडणुकीच्या सकाळी वेस्टमूरमधल्या मराठी आणि गुजराती घरांना फोन करून उठवायचं काम वर्षानुवर्षं दिगंबरचं होतं. नंबर त्याला पाठ होते. मागच्या निवडणुकीला त्यानं बायकोच्या उशाशी बसून फोन केले होते.

"वहिनी, मी त्यांना मजूर पक्षाला द्या म्हणून नाही सांगणार."

"नका सांगू. पक्षाचं नावही घेऊ नका. फक्त मत द्यायला जा म्हणा. लोक उठतच नाहीयेत हो. मत द्या म्हणण्यात काही वाईट आहे का?"

त्यात काही वाईट नव्हतं. दिगंबरनं दोन्ही बाजूंनी तपासून पाहिलं. पक्षाचं नाव नाही, उमेदवाराचं नाव नाही. एखाद्या सरकारी पोस्टरवर लिहितात तेवढंच.

"करतो," तो म्हणाला.

त्याला हलकं वाटलं. नाही म्हणून झालं आणि फोनही चालू राहिला. विष्णुपंतांना हे सांगायला हवं.

घरात आणखी कुणी मतदार?

नाही.

वल्लरीचा जन्म वेस्टमूरचा, पण सतराव्या वर्षी शिकायला इकडे आली ती आलीच. तिनं तिकडे नाव कधी नोंदवलंच नाही. सत्यजित पुण्याचा, अजून ग्रीन कार्डवर.

"बाबा, एक विचारू?" वल्लरी डबे भरत होती. "तुम्ही इथं राहता. औषधं इथली, डॉक्टर इथला. तिकडे कोण येतं त्याचा तुम्हाला काय त्रास?"

"त्रास तिथला आहे. मी इकडे घेऊन आलो."

"म्हणजे लगेजमधून."

"जास्तीच्या वजनाचे पैसे लागले नाहीत म्हणून."

सत्यजित हसला. "काका," तो सासऱ्यांना काकाच म्हणायचा, "मला विचारा. टॅक्स भरतो, मत नाही. ऑफिसमध्ये सगळे इलेक्शनवर बोलतात, मी कॉफी आणायला जातो. यार, निदान तुम्हाला कुणावर चिडायचं ते तरी माहीत आहे."

"Ajoba is mad at the Prime Minister," नात म्हणाली. "He told me in the car."

"मॅड नाही गं," दिगंबर म्हणाला. "दमलोय."

"Same thing," ती म्हणाली आणि दूध पिऊ लागली.

केंद्रापर्यंत गाडी पाठवायची का?

गुरुवार, पाच मे. एडिसनमध्ये उजाडत होतं, वेस्टमूरमध्ये सकाळ सरत आली होती. दिगंबर स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला, चष्मा लावला, पाठ असलेले नंबर खुणा करायला कागदावर उतरवले, आणि कॉलिंग कार्डचा नंबर फिरवायला घेतला. प्रत्येक घराला तो एवढंच म्हणाला: मी दिगंबर, एडिसनहून बोलतोय, आज मतदान आहे, जाऊन या.

"कोण? दिगंबरकाका? अहो, काकूंचं कळलं होतं. फोन करायचा राहून गेला."

"नाही जाणार होतो, काका. सगळे सारखेच. पण तुम्ही समुद्रापलीकडून उठवताय म्हटल्यावर…"

"तो टीव्हीवर आला की मी आवाज बंद करते. हसतो कसा बघा. तरी टोरींना, त्या हुजूरवाल्यांना, द्यायचं जिवावर येतं हो."

"मम्मी नाइट शिफ्ट से आके सो गई है, अंकल. बोल दूँगा."

"गुडघ्याच्या ऑपरेशनला तारीख मिळेना आणि विमानं पाठवायला पैसे आहेत."

"पोरीला कॉलेजची फी लावली यांनी. आपल्याच लोकांनी. टोरींनी लावली असती तर निदान मोर्चा काढला असता."

"जाते. जाते रे बाबा. मशीनमधले कपडे काढते आणि जाते."

"मत देऊन युद्ध थांबलं का, दिगंबरराव? तुम्ही तर मोर्चालाही गेला होतात. बरं, बरं. जातो."

"तुमचा आवाज ऐकून बरं वाटलं."

"तुमचा आवाज ऐकून बरं वाटलं, काका."

हे त्याला बऱ्याच जणांनी म्हटलं. दिगंबरचा घसा बसला. वल्लरीनं जाता जाता पुढ्यात चहा ठेवला, खांद्यावर हात ठेवला, गेली. त्यालाही बरं वाटत होतं, हे त्यानं कबूल केलं असतं. इतक्या दारांत तो बऱ्याच दिवसांनी उभा राहिला होता.

(हा प्रश्न मतदारानं विचारलेला.)

श्रीरंग रंगखात्यात दिगंबरच्या हाताखाली होता. आता तोही निवृत्त.

"निघालोच, दिगंबरराव. बूट घालतोय. गुलाबच ना?"

मजूर पक्षाची खूण गुलाब. मतपत्रिकेवर नावापुढे असते.

"तुझ्या मनाला येईल तिथं दे, श्रीरंग."

"मनाला आलं तर मी घरी बसेन. क्रिकेट आहे." श्रीरंग हसला. "हिला म्हटलं, या वेळी पिवळ्यांना द्यावं का, निदान जरा हादरतील. ही म्हणाली, थांबा, दिगंबरभावजींचा फोन येतो का बघू. आला तर काहीतरी असेल त्यांच्या मनात. आता आला फोन. मग झालं."

"मी पक्षाचं नाव घेतलं नाही."

"तुम्ही कधी घेतलंत? इतकी वर्षं तुमचा फोन म्हणजे गुलाब. कोपऱ्यावरच्या पटेलांकडेही तेच. आत्ता भेटले होते, म्हणाले, दिगंबरभाई एवढ्या लांबून म्हणतायत, म्हणजे माफ केलं असेल त्यांनी या लोकांना. आपण कोण मोठे लागून गेलो."

दिगंबर म्हणाला, "बरं, जाऊन ये."

तोंडातून तेच निघालं. त्यानं फोन ठेवला. समोर नंबरांवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. जवळजवळ सगळ्यांना फोन झाले होते.

तुमचा निर्णय पक्का आहे का?

वहिनींचं जेवणाचं टेबल म्हणजे त्या दिवसाचं पक्षाचं कार्यालय. फोन उचलला तेव्हा मागे कुणीतरी बिस्किटांचा डबा उघडत होतं.

"वहिनी, तुम्हाला माहीत होतं."

त्यांनी काय, असं विचारलं नाही. "थांबा," म्हणाल्या, आणि फोन घेऊन जिन्यात गेल्या. त्यांचं जिन्यात बसणं दिगंबरला ऐकू आलं. आधी गुडघा, मग श्वास.

"माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुम्हालाही माहीत होतं, भावजी. नुसतं 'मत द्या' म्हणून तुम्ही जन्मात कुणाला फोन केलाय का?"

"मला खरंच वाटलं…"

"तुम्हाला वाटून घ्यायचं होतं. मी वाटू दिलं. ते माझं चुकलं म्हणा हवं तर."

"माझं एक मत पिवळ्यांना आणि माझ्या आवाजावर सगळी गल्ली गुलाबाला."

"हो."

"असं का केलंत?"

वहिनींनी आत कुणालातरी 'आले' म्हणून सांगितलं.

"मला काय तो खासदार आवडतो?" त्या म्हणाल्या. "परवा इथे आला होता. माझं नाव चुकीचं घेतलं. इतक्या वर्षांत तिसऱ्यांदा. चहा करून दिला मी त्याला. पण मी दार लावून घेतलं तर या टेबलाशी उद्या कोण बसेल? आमच्या रस्त्यावर त्या दुसऱ्या लोकांची पत्रकं यायला लागलीयेत. पुन्हा तेच, परत जा वाले. तुम्ही गेलात, निम्मे गेले. जे गेले ते सगळे बरोबर होते. मी मागे राहिले, मला माणसं हवीत. तुमचा आवाज चालतो म्हणून तुमचा मागितला."

दिगंबर ऐकत होता. मोर्चाच्या दिवशी तिकडे त्याच्या पायरीवर म्हातारा फिटर बसला होता तेव्हा पलीकडच्या गल्लीत वहिनींच्या पायरीवर कुणी होतं का, हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. आताही विचारलं नाही.

"मी त्यांना परत फोन करणार आहे," तो म्हणाला.

"काय सांगायला?"

"मी कुणाला दिलं ते. तुम्ही कुणाला द्या ते नाही."

"माझ्याच दिवशी."

"दुसरा दिवस नाहीये, वहिनी."

टोपणाचा खटका आला नाही. पेन खाली टेबलावर राहिलं असेल.

"मी अजून केंद्रावर गेले नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं कार्ड पर्समध्ये आहे."

ही धमकी होती, की आठवण, की नुसती माहिती, ते दिगंबरला कळलं नाही. त्यानं विचारलंही नाही. वाद घालू नये, असं त्यानंच कितीतरी नव्या पोरांना शिकवलं होतं.

आभारी आहोत. आणखी काही सांगायचंय?

"श्रीरंग, मी दिगंबर. परत केला."

"अहो, देऊन आलो. आत्ताच आलो. चहा ठेवलाय."

"माझं मत मी गुलाबाला दिलेलं नाही. पिवळ्यांना द्यायला सांगितलंय. तू काय करायचं ते तुझं. मघाशी सांगायचं राहिलं."

पलीकडे टीव्हीवर क्रिकेटचा आवाज होता, तो कमी झाला.

"मग मघाशी काय झालं होतं?" श्रीरंग म्हणाला. चिडला नव्हता. चिडला असता तर सोपं गेलं असतं. "दिगंबरराव, तुम्ही पण ना. आता ते बाहेर काढता येतं का?"

"नाही."

"मग मला कशाला सांगता?"

"तुला माहीत असावं म्हणून," तो म्हणाला.

पुढच्या घरी कुणी नव्हतं. त्याच्या पुढच्या घरची सून म्हणाली, सगळे जाऊन आले, काका, थँक यू. एका म्हातारीला तो काय सांगतोय ते कळेना. तिला वाटलं वल्लरीचं काही झालंय. पटेल म्हणाले, "आप भी?" मग म्हणाले, आपण अजून गेलो नाही, आता बघू, कदाचित जाणारच नाही. हे दिगंबरला नको होतं. पण जे त्याला नको होतं ते तो आता थांबवू शकत नव्हता. एका तरुण मुलानं मात्र विचारलं, "काका, खरंच? मग माझ्या बाबांना तुम्हीच सांगा ना. माझं ऐकत नाहीत." बाबा फोनवर आले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, विचार करतो. दिगंबरनं इतक्या वर्षांत हे शब्द दारात हजारदा ऐकले होते. बहुतेक वेळा त्यांचा अर्थ नाही असा असे.

चहा गार झाला होता. त्यानं तो तसाच प्यायला. घसा आता पुरता बसला होता आणि प्रत्येक वेळी "मी दिगंबर" म्हणताना आवाज फाटत होता.

दुपार व्हायच्या आधी फोन वाजला.

"भावजी."

"बोला."

"लोक केंद्राच्या दारात मला विचारतायत. दिगंबरभाई असं का म्हणतायत. मी लाल फीत लावून उभी, मी काय सांगू?"

"काय सांगितलंत?"

"म्हटलं, त्यांनाच विचारा. जिवंत आहेत अजून." मागे गाड्यांचा आवाज होता. कुणाच्यातरी मोबाइलवरून बोलत असाव्यात. "तुमचं दिलं मी. पिवळ्यांना. आधी तुमचं दिलं, मग माझं. फुली नीट मारली, बाद होणार नाही अशी."

दिगंबरला आभार मानायचे होते. मराठीत तो वहिनींना आभारी आहे असं कधी म्हणाला नव्हता. तसली भाषा त्यांच्यात नव्हती.

"वहिनी," तो म्हणाला, "रविवारी…"

"या रविवारी नको."

"पुढच्या?"

"मी करेन, भावजी. करावासा वाटला की करेन. तुम्ही करू नका."

"बरं."

"आणि गरम पाणी प्या. आवाज ऐकवत नाहीये."

त्यांनी फोन ठेवला. दिगंबर उठला, पाणी गरम करायला ठेवलं. कागदावर खाली अजून काही नंबर उरले होते. तिकडे अजून संध्याकाळ व्हायची होती, कारखान्यातली पाळी सुटायची होती, काही माणसं घरी येऊन मग जाणार होती. पाणी तापेपर्यंत एक फोन होईल, असा त्यानं विचार केला, आणि पुढचा लावला.